समुपदेशनाचा अहवाल गावानंही वाचावा

शाळेत तांदूळ किती आला, किती शिजला, हे विचारायला आता पालक बिचकत नाहीत. पण जिंतूर तालुक्यातल्या आमच्या बोरीत ‘शाळेला समुपदेशक आहे का? यंदा किती मुलं त्याच्याशी बोलली?’ असा प्रश्न पालकसभेत मी तरी अजून ऐकलेला नाही.

तो विचारायला आता आधार आहे. विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. शिवाय दरवर्षी अहवाल द्यायचा: किती उपक्रम झाले, किती मुलं तज्ज्ञाकडे पाठवली, शिक्षकांची प्रशिक्षणं किती झाली. मुलांची नावं मात्र कुठंही नकोत.

हा अहवाल जातो वर, शिक्षण खात्यासारख्या नियामकाकडे. तो गावात वाचून दाखवा, असं त्यात म्हटलेलं नाही. पण सरकारी आणि अनुदानित शाळांकडे तो २००५ च्या माहिती अधिकारात मागता येतो. त्याहून सोपा रस्ता शाळा व्यवस्थापन समितीचा. शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंतच्या अशा शाळांत या समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. बैठकीत त्यांनी अहवाल मागावा, एवढंच.

तो वाचायचा कसा, हे मात्र समजून घ्यायला हवं. आकडा मोठा म्हणजे शाळा वाईट, असं आपण म्हणू लागलो, तर मुख्याध्यापक पुढच्या वर्षी तो लहान करून लिहितील. मला काळजी वाटते ती शून्याची. शंभरावर मुलं आणि वर्षभरात एकही समुपदेशकाकडे गेलं नाही, याचा अर्थ बहुधा जायला माणूसच नाही, किंवा मुलांना त्याचा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट खेड्याची. ‘नववीतली एक मुलगी तज्ज्ञाकडे पाठवली’ एवढं लिहिलं, तरी संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर ती कोण हे ठरलेलं असतं. नाव न लिहूनही नाव फुटतं! म्हणून गावासमोर वर्गवार आकडे नकोतच. साऱ्या शाळेचा मिळून एक आकडा द्यावा, आणि तोही एक-दोनच असेल तर ‘पाचाहून कमी’ एवढंच सांगावं.

एक गोष्ट तर अहवालावाचूनही तपासता येते. मानसिक आधाराच्या मदतवाहिन्यांचे क्रमांक वर्गात ठळक अक्षरांत लावा, असंही त्या सूचनांत आहे. सरकारच्या ‘टेली-मानस’चा क्रमांक १४४१६. पालकसभेला जाल तेव्हा तो भिंतीवर दिसतो का, ते पाहा.