‘इतक्या वॅटचे’ : एका षष्ठीचा अर्थविचार

परिमाणवाचक शब्दाला ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय जोडून वस्तूचे वर्णन करण्याची मराठीची रीत जुनी आहे. नऊ वारांचे लुगडे, दोन खणांचे घर, दहा शेरांची घागर हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. लुगडे नऊ वार लांब असते, घरात दोन खण असतात आणि घागरीत दहा शेर पाणी मावते. संबंध तिन्ही ठिकाणी निराळा, प्रत्यय मात्र एकच. पाणिनीनेही षष्ठीकडे इतर विभक्तींनी न व्यापलेले उर्वरित संबंध सोपविले आहेत. तो संबंध कोणता, हे श्रोत्याने वस्तूच्या ज्ञानावरून ठरवावयाचे असते. वस्तू परिचयाची असेल तोवर यात अडचण येत नाही. वस्तू नवी आली, की हेच मौन घातक ठरू शकते. अधिक शक्तीच्या बाष्पसाधनावर कमी शक्तीची कॉइल बसविण्याचा प्रश्न हे याचे चांगले उदाहरण आहे.

ज्यास सामान्यतः ई-सिगारेट म्हणतात त्या साधनांचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात भारतात २०१९ च्या कायद्याने निषिद्ध आहे. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. केवळ साठवणुकीस शिक्षा याहून कमी आहे. तेव्हा प्रस्तुत विवेचन या साधनांच्या पुरस्कारासाठी नाही, हे उघड आहे. परंतु ब्रिटनसारख्या देशात ती प्रौढांना विकत मिळतात, आणि तेथे शिकावयास गेलेल्या मराठी तरुणांच्या बोलण्यात त्यांचे शब्द येतात. एकदा वापरून टाकून देण्याच्या साधनांची विक्री तेथे १ जून २०२५ पासून बंद झाल्यामुळे पुन्हा भरता येणारी, सुटे भाग असलेली साधने उरली. सुटे भाग आले, की कोणता भाग कोणत्या भागाशी जुळतो हा प्रश्नही आला.

१. तीन संबंध

विद्युत्शक्तीच्या संदर्भात या षष्ठीचे निदान तीन अर्थ संभवतात. ‘साठ वॅटचा दिवा’ म्हणजे नेमून दिलेल्या विद्युत्दाबावर साठ वॅट घेणारा दिवा. पंचगंगेच्या काठावरील शेतकरी ‘पाच अश्वशक्तीची मोटार’ म्हणतो, तेव्हा ती मोटार आपल्या दांड्यावर पाच अश्वशक्तीपर्यंत काम सतत देऊ शकते, असा अर्थ असतो. तिच्यावरील भार हलका असेल, तर ती वीजही कमी ओढते. ‘पाच अँपिअरचा फ्यूज’ मात्र काही घेण्यासाठी वा देण्यासाठी नसतो. तेवढा प्रवाह तो सोसतो, पुरेसा अधिक झाला की वितळतो.

हे तीन अर्थ वेगळे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. षष्ठीच्या जागी अनुक्रमे ‘घेणारा’, ‘देऊ शकणारा’ आणि ‘सोसणारा’ ही पदे घालून पाहावीत. साठ वॅट ‘सोसणारा’ दिवा किंवा पाच अँपिअर ‘देऊ शकणारा’ फ्यूज असे म्हणताच वाक्य विचित्र होते.

हीच कसोटी बाष्पसाधनास लावली असता असे दिसते, की ‘दोनशे वॅटचे साधन’ यातील षष्ठी मोटारीच्या जातीची आहे, तर ‘दहा वॅटची कॉइल’ यातील षष्ठी फ्यूजच्या जातीची आहे. एक संख्या देण्याची मर्यादा सांगते, दुसरी सोसण्याची. प्रत्यक्षात किती वॅट खर्च होतात, हे दोहोंपैकी एकही संख्या सांगत नाही. रूप सारखे असल्यामुळे ऐकणारा मात्र दोन्ही दिव्याच्या चालीवर घेतो. त्याला वाटते, की दोनशे वॅटचे साधन सदैव दोनशे वॅटच ओतणार आणि दहा वॅटची कॉइल क्षणात जळणार.

२. यंत्राची बाजू

तंबाखू न जाळता वाफ ओढण्याच्या साधनासाठी अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट याने १९६३ मध्ये अर्ज केला व १९६५ मध्ये त्यास पेटंट मिळाले. आजच्या प्रकाराचे जनकत्व सामान्यतः होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाकडे दिले जाते. त्याचे काम २००३ च्या सुमाराचे. साधनाची रचना थोडक्यात अशी : विद्युत्घट तारेच्या वेटोळ्यास, म्हणजे कॉइलला, तापवितो, कॉइलला लागून असलेली कापसाची वात टाकीतील द्रव शोषून आणते, त्या द्रवाची वाफ होते.

तारेत उत्पन्न होणारी शक्ती विद्युत्दाबाच्या वर्गास रोधाने भागून मिळते. कॉइलचा रोध १.८ ओहम आणि घटाचा दाब ३.७ व्होल्ट असेल, तर प्रवाह सुमारे २ अँपिअर आणि शक्ती सुमारे ७.६ वॅट भरते. नियंत्रक मंडल असलेले मोठे साधन प्रथम कॉइलचा रोध मोजते आणि मागितलेल्या शक्तीस लागेल तेवढाच दाब पुरविते. या कॉइलला १० वॅट हवे असतील, तर ते सुमारे ४.२४ व्होल्ट देईल. उरलेले १९० वॅट ही केवळ न वापरलेली ऐपत होय. म्हणून शक्तीचा आकडा योग्य ठेवला, तर मोठ्या साधनावर लहान कॉइल चालते. उलट घटांवर ताण कमी पडतो.

धोका तीन ठिकाणी आहे. पहिला, नियंत्रक मंडल नसलेल्या साधनात. दोन पूर्ण भरलेले घट एकापुढे एक जोडले, तर ८.४ व्होल्ट होतात, आणि त्याच १.८ ओहमच्या कॉइलमध्ये ३९ वॅटहून अधिक शक्ती शिरते. दुसरा, साधनाच्या स्मरणात. आधीच्या जाड कॉइलसाठी ठेवलेला ६०-७० वॅटचा आकडा तसाच राहिला, तर नव्या लहान कॉइलच्या वाट्याला पहिल्याच झुरक्यास तो येऊ शकतो. तिसरा, वापरणाऱ्याच्या हातात : अधिक वाफेच्या लोभाने आकडा वाढविला जातो. लहान टाकीत बहुधा अधिक निकोटिनयुक्त द्रव असतो. वाफ वाढली, की निकोटिनची मात्राही वाढते.

३. जाळ आणि रस

शक्ती अधिक झाली म्हणजे नेमके काय बिघडते, हे कोल्हापूरच्या वाचकास गुऱ्हाळावरून चटकन कळेल. चुलवाणावरील काहिलीत रस पुरेसा असतो तोवर जाळ रसाचे पाणी उडविण्यात खर्ची पडतो आणि काहिलीचे तापमान आवाक्यात राहते. रस आटत आला, की तोच जाळ गूळ करपवितो. गुळव्याचे कौशल्य जाळ आणि रस यांचा मेळ राखण्यात असते. कॉइल आणि वात यांचा संबंध असाच आहे. द्रवातील प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला व ग्लिसरीन २९० अंशांना उकळते. वात ओली असेल तोवर कॉइलचे तापमान या पट्ट्यातच आवरलेले राहते. वात आणील त्याहून वेगाने द्रव उडू लागला, की वात कोरडी पडते, कापूस करपतो आणि द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन यांसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात.

पोर्टलंड राज्य विद्यापीठातील संशोधकांना २०१५ मध्ये असे आढळले, की ३.३ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे सापडत नाहीत, ५ व्होल्टवर मात्र सापडतात. त्याच वर्षी फार्सालिनोस व सहकाऱ्यांनी यावर पुढचा प्रश्न केला. त्यांनी दोन प्रकारे सिद्ध केलेल्या कॉइली समान शक्तीवर चालविल्या. साध्या वातीच्या कॉइलवर ९ व १० वॅटला अनुभवी वापरकर्त्यांना कोरड्या झुरक्याची करपट चव लागली आणि त्या स्थितीत ॲल्डिहाइडे अनेक पटींनी वाढली. अधिक द्रव आणणाऱ्या वातीवर तेवढ्याच शक्तीला तसे घडले नाही. म्हणजे दहा वॅट हे स्वतः अधिकही नव्हेत आणि उणेही नव्हेत. ते कोणत्या वातीसाठी, हे सांगितल्याशिवाय त्या संख्येला अर्थ नाही. अर्थात करपट चव लागली नाही म्हणजे वाफ निरुपद्रवी, असेही यातून निघत नाही. निकोटिनचे व्यसन दोन्हीकडे सारखेच जडते.

४. निष्कर्ष

परिभाषाकोश स्वभावतः नामांची चिंता करतो. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाल्यापासून शास्त्रीय संज्ञांना मराठी पर्याय देण्याचे मोठे कार्य त्याने केले. परंतु येथे अडचण ‘वॅट’ या नामात नाही, त्यास चिकटलेल्या प्रत्ययात आहे. ‘वॅट’साठी कितीही सुंदर प्रतिशब्द घडविला, तरी ‘इतक्या वॅटचे’ ही रचना जोवर तशीच राहील तोवर गोंधळही तसाच राहील.

उपाय भाषेतच उपलब्ध आहे. प्रत्यक्ष खर्चासाठी मराठी बोलणारा सहजच सप्तम्यर्थी ‘वर’ वापरतो : साधन ‘बारा वॅटवर’ चालते. उरलेल्या दोन संबंधांसाठी धातुसाधिते योजावीत : ‘दोनशे वॅटपर्यंत देणारे साधन’, ‘दहा वॅटपर्यंत सोसणारी कॉइल’. ही तीन पदे एका वाक्यात ठेवली, की बाराचा आकडा दहाच्या पुढे गेला आहे आणि वात करपणार, हे वाचणाऱ्यास गणिताशिवाय दिसते. औषधाच्या मात्रा, विजेची उपकरणे, वायूच्या टाक्या अशा ज्या ज्या विषयांत देण्याची ऐपत व सोसण्याची मर्यादा शेजारी शेजारी येतात, तेथे सूचनापत्रके मराठीत आणणाऱ्यांनी षष्ठीवर विसंबण्यापूर्वी ही कसोटी लावणे इष्ट होय.