‘हे खरे आहे काय?’ : आमदार मंत्र्यांना प्रश्न कसा विचारतात



आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी मध्येच विचारलं, “आमदार तिकडं मुंबईला जाऊन करतात तरी काय? टीव्हीवर बघावं तर नुसता गोंधळ!” सगळ्या हसल्या. पण हसून झाल्यावर उत्तर कुणालाच देता येईना. आमच्यातल्या एक-दोघींनी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं, तेही परीक्षेपुरतंच. म्हणून आज त्याबद्दलच बोलू या. आमदार मंत्र्यांना प्रश्न कसे विचारतात, सरकारच्या पैशाचा हिशेब कसा मागतात आणि त्यात आपल्यासारख्या बायांचा हात कुठं लागू शकतो, हे पाहू.

आधी आपल्या गटाकडं बघा. पेटीची किल्ली एकीकडं, वही दुसरीकडं. महिन्याच्या बैठकीत कुणीही उठून विचारू शकते, “मागच्या महिन्याचे दोनशे रुपये कशात गेले?” विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, कारण पैसा सगळ्यांचा आहे. राज्याचंही तसंच आहे. आपण काडेपेटी घेतो, मोबाईलमध्ये पैसे भरतो, त्या प्रत्येकात कर असतो. तो सरकारच्या तिजोरीत जातो. तिजोरी मंत्र्यांच्या हातात असली तरी मालकी त्यांची नाही. राज्यघटनेचं 164 वं कलम सांगतं की मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असतं. म्हणजे विधानसभेनं विचारलं की मंत्र्यांनी उत्तर द्यायचं.

आपल्या विधानसभेत 288 आमदार आहेत. दुसरं सभागृह विधान परिषद, तिथं 78 सदस्य. वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, असं घटनाच सांगते.

प्रश्नोत्तराचा तास

अधिवेशनात कामकाजाच्या दिवशी एक तास प्रश्नांसाठी राखलेला असतो. आमदारांनी आपले प्रश्न बरेच दिवस आधी लेखी दिलेले असतात. ते संबंधित खात्याकडं जातात, तिथून खाली जिल्ह्याला, तालुक्याला. मंत्र्यांना उत्तर द्यायचं असतं, म्हणून फाईल हलते. आपण दहा चकरा मारून जी फाईल हलत नाही, ती एका प्रश्नानं टेबलावर येते, ती अशी.

प्रश्नांचे मुख्य प्रकार दोन. ज्या प्रश्नापुढं चांदणीची खूण असते तो तारांकित प्रश्न. त्याचं उत्तर मंत्री सभागृहात उभे राहून देतात, आणि आमदारांना त्यावर उपप्रश्न विचारता येतात. दुसरा अतारांकित. त्याचं उत्तर फक्त लेखी मिळतं, त्यावर उपप्रश्न नाही.

खरी परीक्षा उपप्रश्नांत असते. मूळ उत्तर अधिकारी लिहून देतात, मंत्री वाचून दाखवतात. पण “काम पूर्ण झालं म्हणता, मग पाणी का येत नाही?” असा प्रश्न समोरून आला की नुसत्या कागदावर भागत नाही. मंत्र्यांना विषय माहीत आहे की नाही ते तिथं कळतं. उत्तर समाधानकारक नसेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात, म्हणजे मंत्र्यांनी नीट माहिती घेऊन पुन्हा उत्तर द्यायचं.

अचानक काही गंभीर घडलं, समजा पाण्यातून साथ पसरली, तर लक्षवेधी सूचना असते. एखाद्या उत्तरातून आणखी मुद्दे निघाले तर अर्धा तास चर्चा मागता येते. दिल्लीत लोकसभेतही हीच रीत आहे. तिथं दिवसाला 20 तारांकित प्रश्न यादीवर घेतात.

आमचा प्रश्न कसा फसला

आता आमचीच गोष्ट सांगतो. आमच्या गावात नळपाणी योजना आली. टाकी उभी राहिली, घरोघरी तोट्या बसल्या. पण तोटीला पाणी काही येईना. उन्हाळ्यात आम्ही विहिरीवर पहाटे चारला नंबर लावायचो. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी नववीत होती. आई मजुरीला गेली की पाण्याचा नंबर मुलीकडं. मार्च-एप्रिलमध्ये ती शाळेत कमी आणि विहिरीवर जास्त असायची. त्या वर्षी तिची परीक्षा हुकली.

आम्ही पंचवीस बायांनी सह्या-अंगठे केले आणि आमदारांना निवेदन दिलं. त्यात लिहिलं, “आमच्या गावात पाणी योजना झालेलीच नाही.” रागात लिहिलं होतं. आमदारांनी त्यावरून प्रश्न टाकला. काही महिन्यांनी लेखी उत्तर आलं. त्यात दोनच ओळी होत्या : “हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.”

आमचा जीव जळला. थोरल्या काकू म्हणाल्या, “म्हणजे आपण खोट्या?” पण शांत डोक्यानं पाहिलं तेव्हा चूक कळली. योजना ‘झालेलीच नाही’ असं आम्ही लिहिलं, आणि टाकी तर गावात दिसतेय! कागदाच्या भाषेत उत्तर बरोबरच होतं. आम्हीच त्यांना निसटायला जागा ठेवली होती.

मग आम्ही आपल्या महाराष्ट्रातली प्रश्नाची पद्धत समजून घेतली. इथं प्रश्न बहुतेक ‘हे खरे आहे काय’ या शब्दांनीच मांडतात. आधी वस्तुस्थिती, मग चौकशी, मग कार्यवाही, शेवटी विलंबाचं कारण. ग्रामपंचायतीत जाऊन कागद पाहिले. टाकी कधी पूर्ण झाली, मोटार कधी बसवली, वीजजोडणी का नाही, हे तारखेसह लिहून घेतलं. जे मिळालं नाही त्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत, आणि 30 दिवसांत माहिती द्यावी लागते. मग दुसरं निवेदन असं लिहिलं :

1. आमच्या गावातील योजनेची टाकी व नळजोडण्या अमुक तारखेस पूर्ण होऊनही वीजजोडणीअभावी पाणीपुरवठा सुरू झालेला नाही, हे खरे आहे काय?
2. असल्यास, वीजजोडणीसाठी लागणारी रक्कम कोणी व कधी भरावयाची होती?
3. या योजनेवर आजवर किती खर्च झाला व तपासणी न करता कंत्राटदारास पूर्ण रक्कम देण्यात आली आहे काय?
4. पाणी कोणत्या तारखेपर्यंत सुरू होईल? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न तारांकित यादीत लागला. तासाभरात यादीतले सगळे प्रश्न पुकारले जात नाहीत, आमच्याही प्रश्नापर्यंत वेळ पोचली नाही. पण छापील उत्तर मिळालं. या वेळी पहिलाच शब्द बदलला होता : “हे अंशतः खरे आहे.” वीजजोडणीची रक्कम भरायची राहिली होती आणि दोन महिन्यांत काम पूर्ण करण्याची कार्यवाही चालू आहे, असं त्यात लिहिलं होतं.

दोन महिन्यांचे पाच झाले. पण खालच्या आळीत नळाला पाणी आलं. वरच्या वस्तीत दाब कमी पडतो, तिथं अजून पोचलं नाही. ती मुलगी वरच्या वस्तीतलीच. ती दहावीला बसली खरी, पण हंडा तिच्या डोक्यावरून अजून पुरता उतरलेला नाही. म्हणून आमचा तिसरा प्रश्न लिहून तयार आहे.

खर्चाला मंजुरी आणि मग हिशेब

प्रश्नांचं झालं, आता पैशाचं. अर्थसंकल्प मांडला म्हणजे पैसा मिळाला असं नाही. प्रत्येक खात्याला आपली अनुदानाची मागणी विधानसभेपुढं ठेवावी लागते आणि तिला मतदानानं मंजुरी घ्यावी लागते. मग विनियोजन विधेयक मंजूर होतं, तेव्हाच तिजोरीतून पैसा निघतो. विधान परिषद चर्चा करते, पण मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेचं. वर्षात मध्येच जास्त पैसा लागला तर पुरवणी मागण्या आणाव्या लागतात. पेपरात “इतक्या कोटींच्या पुरवणी मागण्या” असं येतं ते हेच.

एखादा खर्च पटत नसेल तर आमदार कपात सूचना देतात. लोकसभेत तर खात्याचं धोरणच मान्य नसेल तेव्हा ‘मागणी एक रुपयावर आणा’ अशी सूचना देता येते, आणि एखादी ठरावीक तक्रार मांडायची असेल तेव्हा ‘शंभर रुपये कमी करा’ अशी. शंभर रुपयांनी काय होणार, असं वाटेल. पण त्या निमित्तानं तक्रार सभागृहापुढं येते आणि मंत्र्यांना बोलावं लागतं.

खर्च झाल्यावर ऑडिट. आपल्या गटाचं होतं तसं सरकारचंही होतं. ते करतात भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, ज्यांना पेपरवाले ‘कॅग’ म्हणतात. राज्याबद्दलचा त्यांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधानमंडळापुढं येतो. मग लोकलेखा समितीतले आमदार तो उघडून बसतात आणि खात्याच्या सचिवांना बोलावून एकेक मुद्दा विचारतात. आणखीही समित्या आहेत. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला का, हे आश्वासन समिती पाहते. पंचायत राज समिती जिल्ह्यात येते, तेव्हा पंचायत समितीच्या कार्यालयात कशी धावपळ उडते ते आपण पाहतोच. महिला व बालकांच्या हक्कांसाठी आणि रोजगार हमी योजनेसाठीही वेगळ्या समित्या आहेत.

हा हक्क आला कुठून?

तो आपोआप मिळालेला नाही. इंग्रजांच्या काळात 1892 च्या कायद्यानं कायदे मंडळातल्या सदस्यांना पहिल्यांदा प्रश्न विचारायला आणि अर्थसंकल्पावर बोलायला मुभा मिळाली, मतदानाचा हक्क मात्र नव्हता. आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखले 1902 मध्ये तिथं अर्थसंकल्पावर बोलले. तिजोरीत पैसा शिल्लक पडतोय आणि गरिबाच्या मिठावर कर, हे त्यांनी आकडे देऊन मांडलं. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर कमी झाला.

स्वातंत्र्यानंतरचं उदाहरण आपल्या विम्याच्या पैशाचं आहे. 1957 मध्ये लोकसभेत प्रश्न आला की आयुर्विमा महामंडळानं एका उद्योगपतीच्या कंपन्यांत पैसा का गुंतवला. हे मुंदडा प्रकरण. फिरोज गांधी हे सत्ताधारी पक्षाचेच खासदार, पंतप्रधान नेहरूंचे जावई. तरी त्यांनी विषय लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली, आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सुरुवात झाली होती सभागृहातल्या एका प्रश्नापासून.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2005 मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल 11 खासदारांची खासदारकी संसदेनं काढून घेतली. प्रश्न विकला गेला तर राखणदारच फितूर झाला, नाही का?

आपण काय करायचं?

सभागृहात आपण बोलू शकत नाही, पण आमदारांना मुद्दा नक्की देऊ शकतो. आम्ही ठेचा खाऊन जे शिकलो ते सांगतो.

गावातला विषय आधी ग्रामसभेत मांडा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, तिथं ठराव घ्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या. ठरावाची प्रत हाती असली की आमदारांनाही जोर येतो.

निवेदन अधिवेशनाच्या बरंच आधी द्या. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलं तर प्रश्नाची मुदत गेलेली असते. पोच घ्यायला विसरू नका.

एका निवेदनात एकच विषय घ्या. तारीख, जागा, रक्कम लिहा. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, वाढवून लिहू नका.

उत्तर आलं की नीट वाचा. ‘हे खरे नाही’ आलं तर आपल्या मांडणीत काय चुकलं ते शोधा. ‘कार्यवाही सुरू आहे’ असं आलं तर तारीख विचारा. ‘प्रश्न उद्भवत नाही’ आलं तर खचू नका, नवा प्रश्न लिहा. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. गावातल्या कॉलेजच्या मुलामुलींकडून आपल्या तालुक्याचं नाव त्यात शोधून घ्या.

आणि निवडणुकीत मत मागायला आले की एवढंच विचारा, “पाच वर्षांत तुम्ही आमच्यासाठी किती प्रश्न विचारलेत आणि कोणते?”

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की दहा मिनिटं काढा. गावातली एक अडचण निवडा आणि ‘हे खरे आहे काय’ या चार शब्दांनी संपणारं एक वाक्य सगळ्या मिळून लिहा. मग एकीनं मंत्री व्हायचं आणि त्यातून निसटायचा प्रयत्न करायचा. तिला वाट सापडली तर वाक्य पुन्हा लिहा. आमच्या वरच्या वस्तीचा प्रश्न आम्ही असाच सात वेळा लिहिला. सातव्या वेळी मंत्री झालेल्या थोरल्या काकूच म्हणाल्या, “आता मात्र मला पाणी द्यावंच लागेल बाई!”