बादलीत मोजलेला समुद्र
हवामानबदलाचे शिक्षण : लेख सहावा

हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून चालू असलेली कार्बन डायऑक्साइडची मोजणी गेल्या आठवड्यात पाहिली. ती एका जागची, एका पद्धतीची मोजणी. पृथ्वीचे सरासरी तापमान मात्र असे एका डोंगरावर बसून मोजता येत नाही. निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या माणसांनी, बहुतेकदा दुसऱ्याच कामासाठी टिपलेल्या नोंदींतून ते काढावे लागते. ते कसे काढतात हे कळले, की हवामानबदलाचा विद्यापीठातला अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू होतो.

या कामात इंग्लंडमधल्या नॉरिच शहराचे नाव आघाडीवर आहे. तिथल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९६७ मध्ये पर्यावरण विज्ञानाचा स्वतंत्र विभाग निघाला. १९७२ मध्ये ह्युबर्ट लॅम्ब यांनी त्याच विद्यापीठात क्लायमॅटिक रिसर्च युनिट सुरू केले. ब्रिटिश हवामान खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या लॅम्ब यांचा जीव जुन्या दप्तरांत रमे. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराची वाताहत करणारी वादळे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्या काळच्या लेखी नोंदींवरून नकाशावर उभी केली. इतिहासाचा माणूस आणि भौतिकशास्त्राचा माणूस एका टेबलाशी बसल्याशिवाय असले काम होत नाही. आपल्याकडे कला आणि विज्ञान शाखांमधली भिंत अजून इतकी जाड आहे, की याचे महत्त्व सांगावेच लागते.

पुढे १९८६ मध्ये याच युनिटमधल्या फिल जोन्स, टॉम विगली आणि पीटर राइट यांनी जमिनीवरचे आणि समुद्रावरचे तापमान एकत्र करून जगाचा आलेख मांडला. यातला समुद्राचा भाग अवघड होता. पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग पाण्याखाली, आणि त्या पाण्याच्या जुन्या नोंदी व्यापारी नि लष्करी जहाजांवरच्या खलाशांनी केलेल्या.

खलाशी दोराला बांधलेली बादली समुद्रात सोडायचा, भरली की डेकवर ओढायचा आणि तिच्यात तापमापक धरायचा. आधी लाकडी बादल्या होत्या, नंतर कॅनव्हासच्या आल्या. कॅनव्हास ओला राहतो, डेकवर वारा असतो, आणि माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने बादलीतलेही होते. पारा स्थिर होईपर्यंत तापमान अंशाच्या काही दशांशांनी उतरलेले असे. दुसरी पद्धत इंजिन थंड ठेवण्यासाठी आत ओढलेले पाणी मोजण्याची. तिथे इंजिनघराच्या उष्णतेमुळे आकडा थोडा चढा येई.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बऱ्याच नोंदी अमेरिकी जहाजांच्या, म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या होत्या. १९४५ मध्ये युद्ध संपले, ब्रिटिश जहाजांचा वाटा वाढला आणि बादली परत आली. आलेखात जगाचे तापमान एकाएकी सुमारे ०.३ अंशांनी घसरलेले दिसे. समुद्र काही त्या महिन्यांत गार झाला नव्हता. २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधाने ही गोष्ट उलगडली, आणि त्याच्या लेखकांत खुद्द फिल जोन्स होते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याला आवर्जून शिकवायला हवी. बादलीचा दोष काढला की जुन्या समुद्राचे तापमान वर सरकते, म्हणजे तेव्हापासून आजवर झालेली वाढ थोडी कमी भरते. शास्त्रज्ञ आकडे फुगवतात असा आरोप करणाऱ्यांनी हे एकदा नीट पाहावे.

आकडा कुठे नि कसा मोजला हे आधी विचारावे, हा धडा शिकायला आपल्याला नॉरिचला जाण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ चा प्रलय घ्या. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात ७५ मिलिमीटरही नाही. मग त्या दिवशी मुंबईत पाऊस किती झाला? एकच पर्जन्यमापक असता तर, आणि तो कुलाब्यात असता तर, इतिहासात काय नोंदले गेले असते? या प्रश्नावर एक आख्खा तास खर्ची पडावा.

असा तास घ्यायला अभ्यासक्रमात जागाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षणाबाबत आदेश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आणला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी. वाणिज्य शाखेच्या मुलालाही जंगल, पाणी, कचरा यांविषयी वाचावे लागले, ही मोठीच गोष्ट. पण अनेक महाविद्यालयांत हा पेपर गाइड वाचून पास होण्याचा विषय होऊन बसला. त्यात क्षेत्रभेटीची तरतूद आहे. ती भेट जवळच्या पर्जन्यमापकाला, तिथली जुनी नोंदवही उघडण्यासाठी का असू नये?

तापमापक येण्यापूर्वीच्या काळाचे काय, हा प्रश्न उरतोच. सागवानाच्या खोडात वर्षाला एक कडे तयार होते, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले संशोधक त्या कड्यांवरून जुन्या पावसाचा माग काढतात. पुढच्या लेखात त्याविषयी.