म्हातारपणाचा वाटा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नीरा नदीच्या अलीकडच्या तीरास आमचें सारोळे गांव आहे. पूल ओलांडला कीं शिरवळ व सातारा जिल्हा लागतो. रस्ता रुंद झाला, पलीकडे कारखाने उभे राहिले, आणि गांवांतील तरुण मंडळी कोणी कारखान्यांत, कोणी पुण्यांत कामास लागली. यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु सायंकाळीं पारावर बसणाऱ्या मंडळींत आतां पन्नाशीच्या आंतला मनुष्य क्वचितच दिसतो, आणि त्यांच्या बोलण्यांत पाऊसपाण्याच्या खालोखाल एकच विषय निघतो : हातपाय थकल्यावर राहावयाचें कोठें व कोणाजवळ? महसूल खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही गांवीं परतलों त्यास वर्ष होत आलें. या विषयासंबंधीं जें पाहिलें व नोकरींत जें शिकलों, तें शेतकरी बंधूंपुढें मांडावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

वृद्धाश्रमाचें नांव काढलें कीं गांवांत अजूनही माना खालीं जातात. वास्तविक ही सोय आपल्याकडे अगदींच नवी नाहीं. पुण्यांतील 'निवारा' ही संस्था 1863 सालीं डेव्हिड ससून यांच्या नांवानें निराधार व पंगु लोकांसाठीं निघाली, व आजही तेथें वृद्धांची सोय होते. सरकारनें 1995 सालीं मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. अलीकडे तिसरा प्रकार निघाला आहे. पुण्यांतील 'अथश्री'सारख्या वसाहतींत केवळ वृद्धांसाठींच बांधलेलीं घरें असतात. मनुष्य तेथें निराधार म्हणून न जातां स्वतःच्या पैशानें व स्वतःच्या खुषीनें जातो. 2011 च्या जनगणनेंत साठीच्या पुढील लोक देशांत सुमारें 10 कोटी 38 लक्ष, म्हणजे शेंकडा 8.6 होते. मनुष्य अधिक जगूं लागला व मुलें दूर गेलीं. तेव्हां अशा सोयी वाढणार हें उघड आहे.

आमच्या कुटुंबाचे मामेभाऊ बँकेंतून निवृत्त होऊन अशाच एका वसाहतींत राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही दोघें तेथें दोन दिवस राहून आलों. न्हाणीघरांत धरावयास दांडा, पाय न घसरणारी फरशी, उशाशीं घंटा, खालीं भोजनगृह, ठराविक दिवशीं डॉक्टरांची फेरी, सायंकाळीं भजन व गप्पा. व्यवस्था पाहून आमचें कुटुंब संतुष्ट झालें, आम्हीही झालों. निघतेवेळीं मामेभाऊ म्हणाले, "दाजी, येथें सगळें कांहीं आहे. फक्त कामाला कोणी हाक मारीत नाहीं."

हें वाक्य आमच्या मनांत राहिलें. शेतकऱ्याचें म्हातारपण आणि नोकरदाराचें म्हातारपण यांतला भेद त्यांत आला. शेतकरी ऐंशी वर्षांचा झाला तरी बांधावर जाऊन उभा राहतो. पेरा कधीं धरावा, बैल कोणता विकावा, हें त्याला विचारलें जातें. तें विचारणें बंद झालें कीं तो खरा म्हातारा होतो. दुसरा भेद पैशाचा. अशा वसाहतींत आरंभीं मोठी रक्कम भरावी लागते व पुढें दरमहा खर्च द्यावा लागतो. नोकरदारास दरमहा निवृत्तिवेतन येतें. शेतकऱ्याचा पैसा सुगीला येतो, आणि कधीं येतही नाहीं. त्याचें निवृत्तिवेतन म्हणजे त्याचा सातबारा. म्हणून कोठें राहावें या प्रश्नाच्या आधीं शेतकऱ्यानें दुसरा प्रश्न सोडवावयास पाहिजे : सातबारा कोणाच्या नांवें व कोणत्या शर्तीवर ठेवावा?

येथें आम्हांस एक घडलेली हकीकत सांगणें प्राप्त आहे. आम्ही एका तहसिलींत अभिलेखाच्या कामावर असतां एक वृद्ध शेतकरी जुन्या फेरफारांच्या नकला मागावयास आले. चार एकर बागाईत, सर्व त्यांनीं स्वतः खरेदी केलेली. आम्हीं नकला दिल्या. कशासाठीं हव्यात हें विचारलें नाहीं. पुढें कळलें कीं, त्यांनीं चारही एकर दोन्ही मुलांस बक्षीसपत्रानें देऊन टाकले. आपल्या राज्यांत मुलांस शेतजमीन बक्षीस देण्यास मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये आहे. कागद स्वस्त म्हणून तो झटपट झाला. दोन वर्षांनीं तेच गृहस्थ पुन्हां आमच्या मेजापाशीं उभे राहिले. म्हाताराम्हातारीची पाळी महिन्याची लागली होती : एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. महिना एकतीस दिवसांचा असला कीं एकतिसाव्या दिवसाची भाकरी कोणीं घालावी, यावर भांडण होई. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हीच नकला दिल्या होत्या. आतां तो कागद परत करतां येतो का?"

कागद वाचला. मुलांनीं आईबापांस सांभाळावें अशी एक ओळही त्यांत नव्हती. सुज्ञ वाचकांस सांगणें नलगे कीं, त्या दिवशीं आम्हांस जेवण गोड लागलें नाहीं. विचारावयाचा अधिकार आम्हांस नव्हता हें खरें. पण शहाणपणाचा एक शब्द सांगण्यास अधिकार लागत नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें सांगतों. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा 2007 सालीं झाला व आपल्या राज्यांत 1 मार्च 2009 पासून लागू आहे. त्याप्रमाणें मुलगा, मुलगी व सज्ञान नातवंडें यांजवर आईबापांच्या पोषणाची जबाबदारी आहे. ज्यांस स्वतःच्या उत्पन्नावर निर्वाह करतां येत नाहीं, त्यांनीं प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे निर्वाह न्यायाधिकरणाकडे, साधा अर्ज द्यावा. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत अर्जाचा निकाल व्हावा, अपवाद म्हणून आणखी 30 दिवस लागावे, असें कायद्यांत आहे. मूळ कायद्यांत निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये ठेविली आहे.

याच कायद्याचें 23 वें कलम शेतकऱ्यानें मुद्दाम ध्यानांत ठेवावें. 'आमचा सांभाळ करावा' या शर्तीवर मिळकत दिली, आणि घेणाऱ्यानें सांभाळ केला नाहीं, तर तें हस्तांतर रद्द करवून घेण्याचा मार्ग या कलमानें मोकळा होतो. सारा भर शर्तीवर आहे. 2022 सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका आईनें दिलेल्या हक्कसोडपत्राच्या प्रकरणांत सांगितलें कीं, अशी शर्त असल्याचें सिद्ध झालें पाहिजे. नुसतें प्रेमानें दिलें एवढें पुरत नाहीं. उलट जानेवारी 2025 मध्यें दुसऱ्या एका आईचें बक्षीसपत्र त्याच न्यायालयानें रद्द ठरविलें. तेथें मुलानें सांभाळाचें वचन वेगळें लिहून दिलें होतें. दोन मातांच्या दैवांत जो फरक पडला, तो कागदाच्या दोन ओळींनीं पडला.

कित्येकांस वाटेल कीं, बापानें मुलाकडून असें लिहून घेणें म्हणजे घराण्यास कमीपणा. आम्हांस तसें वाटत नाहीं. युरोपांतील शेतकऱ्यांत शेकडों वर्षें ही चाल होती. जर्मन मुलखांत तिला 'आल्टेनटाइल' म्हणत, म्हणजे शब्दशः म्हाताऱ्यांचा वाटा. बाप शेत मुलाच्या हवालीं करतांना करार होई : राहावयास अमुक खोली, वर्षाला अमुक मापें धान्य, इतकें दूध, इतकें सरपण. नॉर्वेंतही अशीच रीत होती. तेथील मुलें कांहीं आपल्या मुलांहून वाईट नव्हतीं. पण पोटाची गोष्ट मोघम ठेवूं नये हें त्यांस समजलें होतें. उलट सर्वस्व देऊन मोकळें झाल्याचा परिणाम काय होतो, हें शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' नाटकांत 1970 पासून महाराष्ट्र पाहत आला आहे. नाटक पाहून डोळे पुसणें सोपें. घरीं येऊन कागद नीट करणें तितकें सोपें नसतें.

म्हणून आमच्या बंधूंस आमच्या अल्प बुद्धीप्रमाणें कांहीं सूचना करतों.

पहिली : घाई नसेल तर बक्षीसपत्राऐवजीं मृत्युपत्र करावें. तें हयातींत केव्हांही बदलतां येतें, मालकी शेवटपर्यंत आपल्याकडे राहते, व जमीन आपल्या नांवें असल्यानें पीककर्जाचा मार्गही बंद होत नाहीं. दोन साक्षीदार असावेत. नोंदणीची सक्ती नाहीं, तथापि ती केलेली बरी.

दुसरी : वडिलोपार्जित व स्वकष्टार्जित जमीन यांचा हिशेब वेगळा मांडावा. वडिलोपार्जित जमिनींत मुलींचाही जन्मतः हक्क आहे. त्यांस वगळून केलेला कागद पुढें भांडणाचें मूळ होतो.

तिसरी : हयातींत वाटणी करावयाचीच असेल तर स्वतःचा वाटा सोडूं नये, आणि पत्नीचाही सोडूं नये. आपल्या भागांत चालणाऱ्या हिंदु कायद्याप्रमाणें बाप व मुलगे यांच्यांत वाटणी होतांना आईसही मुलाइतका वाटा मिळतो. ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते, आणि ज्यांस असते ते बहुधा बोलत नाहींत.

चौथी : बक्षीसपत्रच करणें भाग असेल तर सांभाळाची शर्त स्पष्ट लिहावी : खोली, अन्न, वस्त्र, औषधपाणी, व हातखर्चाची दरमहा रक्कम. राहत्या घराचा व निदान कांहीं गुंठ्यांचा हयातीपर्यंत उपभोगाचा हक्क स्वतःकडे व पत्नीकडे राखावा, आणि त्याची नोंद फेरफारानें सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या सदरांत करून घ्यावी. कपाटांतील कागदास वाळवी लागते. सातबाऱ्यावरील नोंद खरेदीदाराच्याही डोळ्यांसमोर राहते. हमरस्त्यालगत, जेथें जमिनीस रोज नवें गिऱ्हाईक येतें, तेथें ही नोंद विशेष अगत्याची आहे.

पांचवी : कागद करण्यापूर्वीं तो सर्व मुलांसुनांसमक्ष वाचून दाखवावा. चोरून केलेल्या कागदानें मनें फाटतात.

मुलांची बाजूही येथें सांगितली पाहिजे. पुण्यांत दोन खोल्यांत राहून लेकरांच्या शाळेचा खर्च भागविणाऱ्या मुलास आईबाप नकोसे असतात असें नाहीं. त्यास जागा व वेळ नसतो. अशा वेळीं आईबाप समजुतीनें एखाद्या चांगल्या वसाहतींत राहिले, व मुलांनीं खर्चाचा भार उचलला, तर त्यांत लाज कसली? लाज आहे ती सातबारा घेऊन पाठ फिरविण्यांत. मनुष्य वृद्धाश्रमांत गेला यापेक्षां तो खुषीनें गेला कीं उपाय खुंटला म्हणून गेला, हें पाहावें.

त्या वृद्ध गृहस्थांस आम्हीं प्रांतांकडे अर्ज करावयास सांगितलें. तो आम्हींच लिहून दिला. शर्त नसल्यामुळें जमीन परत आली नाहीं. समेटानें दोन्ही मुलांनीं दरमहा रक्कम द्यावयाची ठरली, व म्हातारीं दोघें गांवांतच एका खोलींत वेगळीं राहूं लागलीं. पाळी संपली. मागें एकदां भेटले तेव्हां म्हणाले, "भाकरी मिळते भाऊसाहेब, पण बांधावर गेलों तर पाहुण्यासारखें वाटतें."

आम्हीं स्वतः काय केलें, असें वाचक विचारतील. गेल्या दिवाळीस मुलगा, सून व मुलगी गांवीं आलीं असतां आम्हीं मृत्युपत्राचा मसुदा सर्वांपुढें वाचला. आमच्या हयातींत जमीन आमच्या नांवें, आमच्या मागें ती कुटुंबाच्या हयातीपर्यंत तिच्याच ताब्यांत, व नंतर दोन्ही मुलांस सारखी. आणि आम्हां दोघांपैकीं एक मागें राहिलें व त्यास गांवीं एकट्यानें राहवलें नाहीं, तर त्यानें मामेभावांच्या वसाहतीसारख्या ठिकाणीं जावें, व शेताच्या खंडांतून त्याचा खर्च चालावा, असेंही लिहिलें. वाचून झाल्यावर मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अण्णा, माझ्यावर विश्वास नाहीं म्हणून का हें?" आम्हीं सांगितलें, "विश्वास आहे म्हणूनच तुझ्यासमोर वाचलें." मुलीनें कागद उचलून एक चूक दाखविली, गट नंबरांतला एक आंकडा उलटा पडला होता. तीस वर्षें कारकुनी करून ही चूक! तो दुरुस्त केला, साक्षीदारांस बोलाविलें, व दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलगा आमच्याबरोबर शेतावर येऊन ज्वारीस पाणी केव्हां द्यावें हें विचारूं लागला.