संथ लयीचं श्रेय कुणाचं?

सोल गायिका रोबर्टा फ्लॅक सोमवारी, २४ फेब्रुवारी २०२५ ला, वयाच्या ८८व्या वर्षी गेली. तेव्हा जो तो तिचा 'मखमली आवाज' आळवत होता. आवाज मखमली होता, वाद नाही. पण वॉशिंग्टनच्या 'मिस्टर हेन्रीज' या रेस्तराँमध्ये ती रात्र-रात्र गायची, तेव्हाही तो तसाच असणार. रेकॉर्ड करताना मात्र त्या आवाजामागे काय ठेवायचं, काय काढायचं, कुठला टेक शेवटचा मानायचा, याचा निवाडा बहुतेक वेळा दुसराच माणूस करतो. सोल संगीतात हा माणूस, म्हणजे रेकॉर्ड प्रोड्यूसर, बदलला की गळा तोच राहूनही गायिका वेगळी वाटायला लागते. रोबर्टाच्या बाबतीत तर १९७४ मध्ये प्रोड्यूसर बदलला आणि नवा प्रोड्यूसर ती स्वतःच निघाली!

हा विषय निघाला की हमखास अरीथा फ्रँकलिनचा दाखला दिला जातो. कोलंबिया कंपनीत ती व्हायोलिनच्या ताफ्यात गुदमरत होती. १९६७ मध्ये अटलांटिकच्या जेरी वेक्स्लरने तिला अलाबामातल्या मसल शोल्सला नेलं, पियानोवर बसवलं आणि सोलची राणी जन्माला आली, वगैरे. गोष्ट खोटी नाही, पण घोटून घोटून फार गुळगुळीत झालीय. अरीथा कोलंबियाच्या काही रेकॉर्डांवरही स्वतः पियानो वाजवते. शिवाय असे किस्से पसरवण्यात प्रोड्यूसर मंडळी स्वतः मागे नसतात. वेक्स्लरने तर आत्मचरित्रच लिहिलं.

रोबर्टाचा पहिला प्रोड्यूसर जोएल डॉर्न जरा निराळ्या घडणीचा. मुळात फिलाडेल्फियाच्या जॅझ रेडिओवरचा निवेदक. अटलांटिकमध्ये तो रोलँड कर्क, युसेफ लतीफ अशा जॅझवाल्यांच्या रेकॉर्ड करायचा. पियानोवादक लेस मॅकॅनच्या शब्दाखातर रोबर्टाची चाचणी झाली आणि तीन तासांत तिने ४२ गाणी म्हणून दाखवली. वॉशिंग्टनमधल्या या शाळाशिक्षिकेकडे गाणी कमी नव्हती. कमी करणारा माणूस हवा होता.

'फर्स्ट टेक' ही पहिली एलपी १९६९ मध्ये सुमारे दहा तासांत उरकली. गाणी आठच. डॉर्नने साथीला सोलवाले न घेता डबल बेसवर रॉन कार्टर आणि गिटारवर बकी पिझारेली असे जॅझवाले बसवले. 'द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस' हे इवन मॅकॉलचं गाणं तिथे पाच मिनिटं बावीस सेकंद चालतं. लय इतकी विलंबित की दोन शब्दांमधल्या जागेत गाणं संपलं की काय, अशी शंका यावी. कार्टर एक स्वर लावतो आणि तो विरेपर्यंत थांबतो. तालवाद्यं असून नसल्यासारखी. तीन वर्षं या गाण्याला फारसं कुणी विचारलं नाही.

मग क्लिंट ईस्टवूडने गाडी चालवताना ते रेडिओवर ऐकलं आणि 'प्ले मिस्टी फॉर मी' या आपल्या सिनेमासाठी मागितलं. रोबर्टाने काय म्हणावं? तिला ते पुन्हा रेकॉर्ड करायचं होतं, जरा जलद लयीत. ईस्टवूडने साफ नाही म्हटलं. १९७२ मध्ये त्याच रेकॉर्डिंगचं, मिनिटभर कापलेलं सिंगल सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. म्हणजे संथ गाण्यासाठी जिचं गुणगान होतं, तिलाच ते गाणं संथ वाटत होतं! लय तिचीच, पण ती तशीच राहू दिली डॉर्नने आणि वाचवली एका नटाने. प्रोड्यूसर म्हणून रोबर्टाच बसली असती, तर हे रेकॉर्डिंग आज या रूपात नसतं, असं मला वाटतं.

पण सगळं श्रेय डॉर्नच्या पदरात टाकावं, तर 'किलिंग मी सॉफ्टली' आडवं येतं. लोरी लीबरमनचं हे गाणं रोबर्टाने विमानात ऐकलं. मूळ गाणं सुरू होतं कडव्याने. रोबर्टाने थेट धृपदालाच हात घातला, मध्ये शब्दांविना आलापासारखा भाग भरला, कॉर्ड बदलल्या आणि शेवट मेजर कॉर्डवर आणून सोडला. हा घाट तिचा, पियानो शिकलेल्या बाईचा. रेकॉर्डवर प्रोड्यूसर म्हणून नाव जोएल डॉर्नचं. या दोन्ही गाण्यांना लागोपाठ दोन वर्षं 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं, आणि ते गायिकेइतकंच प्रोड्यूसरचंही असतं.

पुढे डॉर्न अटलांटिकमधून बाहेर पडला. १९७४ मध्ये 'फील लाइक मेकिंग लव्ह' आलं, त्यावर प्रोड्यूसर म्हणून छापलं होतं रुबिना फ्लेक. ही रोबर्टाच, टोपणनावाने. तुलनेसाठी याहून सोयीचं काही मिळणार नाही, कारण या गाण्याचा कवी-संगीतकार जीन मॅकडॅनियल्स हाच 'फर्स्ट टेक'मधल्या 'कम्पेअर्ड टू व्हॉट'चाही. तिथे रॉन कार्टरचा बेस तरातरा पुढे चालतो, ब्रास खणखणतं, व्हिएतनाम युद्धावरचा राग गळ्यात असतो. रुबिनाच्या हाती ठेका मागे रेलून बसतो. राल्फ मॅकडोनाल्डची तालवाद्यं हलकेच चालत राहतात आणि आवाज सगळ्यांवर स्वार न होता वाद्यांच्या मधोमध तरंगतो. डॉर्नकडे गाणं थांबायचं, रुबिनाकडे ते झुलायला लागलं. सिंगल पहिल्या क्रमांकावर गेलं, पण त्याच नावाची एलपी यायला १९७५ उजाडलं. दहा तासांचा हिशेब गेला तो गेलाच. त्या एलपीत मला स्वतःला चकाकी जरा जास्त वाटते; काही गाण्यांना 'आता पुरे' म्हणणारं कुणी हवं होतं. तरी १९७६ पासून हॉवर्ड विद्यापीठाच्या रेडिओवरून 'क्वाएट स्टॉर्म' नावाने जी रात्रीची, मंद सोल गाण्यांची पद्धत अमेरिकाभर पसरली, तिच्याशी जुळणारा नाद या रेकॉर्डमध्ये आधीच आहे. रोबर्टा याच हॉवर्डची विद्यार्थिनी.

आवरतं घेणाऱ्या प्रोड्यूसरची किंमत पाहायची तर नोरा जोन्सचं उदाहरण हाताशी आहे. पंडित रविशंकरांच्या या मुलीची पहिली रेकॉर्ड आधी क्रेग स्ट्रीटने केली होती. ब्लू नोट कंपनीच्या प्रमुखांना त्यात नोरा हरवल्यासारखी वाटली. मग आरिफ मार्दिनला बोलावलं. रोबर्टा आणि डॉनी हॅथवेच्या १९७२ च्या युगुलगीतांवर डॉर्नच्या जोडीने काम केलेला हाच तो मार्दिन. त्याने बरीचशी गाणी साध्या साथीवर नव्याने घेतली आणि २००२ ची 'कम अवे विथ मी' घडली. बाजूला ठेवलेलं रेकॉर्डिंगही २० वर्षांनी निघालं. ते वाईट नाही. फक्त त्यात गिटारवाल्यांना बरंच काही सांगायचं असतं.

रुबिना फ्लेकचं 'फील लाइक मेकिंग लव्ह' १९७५ च्या 'रेकॉर्ड ऑफ द इयर' ग्रॅमीसाठी नामांकनात होतं. मिळालं नाही; मिळतं तर लागोपाठ तिसरं ठरलं असतं आणि प्रोड्यूसरचा मानही तिलाच गेला असता. खास प्रोड्यूसरसाठीचं ग्रॅमी त्याच वर्षी सुरू झालं आणि थॉम बेलला मिळालं. शास्त्रीय संगीताचा विभाग सोडला, तर गेल्या ५० वर्षांत ते एकाही स्त्रीला एकटीला मिळालेलं नाही.