सापळ्यातली माशी नेमकी कोणती?

जामसंड्यातल्या कातळावरच्या हापूस बागांना ‘रक्षक’ सापळा आता नवा नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या या सापळ्यात मिथाईल युजेनॉलच्या वासाने फळमाशीचे नर येतात आणि मरतात. सापळा भरला की मेलेल्या माश्या झटकून टाकायच्या, फार तर मोजायच्या, अशी सर्वसाधारण रीत आहे. पण त्या ढिगात एकच जात नसते. मोजण्याआधी माश्या ओळखल्या नाहीत, तर आकडा कितीही मोठा असला तरी बागेत काय चालले आहे ते त्यातून कळत नाही. ही ओळख प्रयोगशाळेवर सोडून द्यावी इतकी अवघडही नाही.

पांढऱ्या कागदावर माशी ठेवून दहापट मोठे दाखवणारे भिंग धरले, तर पहिली नजर पंखावर जावी. हापूसची मुख्य शत्रू ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस’. तिच्या पारदर्शक पंखाच्या पुढच्या कडेने एक बारीक तपकिरी पट्टी टोकापर्यंत सलग जाते. ‘बॅक्ट्रोसेरा झोनाटा’मध्ये ही पट्टी मध्येच तुटते आणि पंखाच्या टोकाशी फक्त एक सुटा ठिपका उरतो, तिची पाठही काळी नसून तांबूस असते. ‘बॅक्ट्रोसेरा करेक्टा’ खरी फसवते. तिची पाठ बहुधा काळी, पोटावर डॉर्सालिससारखीच इंग्रजी ‘टी’च्या आकाराची खूण, पण पंखावर मात्र झोनाटासारखा सुटा ठिपका. अशा वेळी माशीचे तोंड समोरून पाहावे. डॉर्सालिसच्या चेहऱ्यावर दोन गोल काळे ठिपके वेगवेगळे दिसतात. करेक्टाचे ठिपके आडवे पसरून जवळजवळ एकमेकांना भिडतात. तिघींच्याही पाठीवर दोन पिवळ्या रेघा असतात. मधोमध तिसरी रेघ दिसली, तर ती काकडी-पडवळावरची ‘झ्युगोडॅकस कुकुर्बिटी’. ती मिथाईल युजेनॉलला नव्हे, क्यू ल्यूर या वेगळ्या आमिषाला येते, त्यामुळे आंब्याच्या सापळ्यात ती नाही म्हणजे परसातल्या वेलांवरही नाही, असा अर्थ काढू नये.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो, आणि तो वजनदार आहे: रंगखुणांवर विसंबून शास्त्रज्ञच चुकले, तिथे बागायतदाराचे काय? कीटकशास्त्रज्ञ हेंडेलने 1912 मध्ये तैवानमधल्या नमुन्यांवरून डॉर्सालिसचे वर्णन केले. पुढे तिच्यासारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या नव्या जाती मांडल्या गेल्या. आफ्रिकेत पसरलेल्या माशीला तर 2005 मध्ये ‘इन्व्हेडन्स’ हे स्वतंत्र नाव मिळाले. 2015 मध्ये शरीररचना, जनुके, संकर आणि गंधरसायने असा सगळा पुरावा एकत्र तपासून ‘इन्व्हेडन्स’सह काही जाती पुन्हा डॉर्सालिसमध्येच विलीन झाल्या. पण या घटनेतून खुणा निरुपयोगी ठरत नाहीत. पाठीचा रंग काळ्यापासून तांबड्यापर्यंत बदलतो, म्हणून एकट्या रंगावर निकाल देऊ नये, एवढेच ठरते. पंखाची पट्टी, चेहऱ्याचे ठिपके आणि पाठीच्या रेघा एकत्र जुळवल्या, तर आपल्या सापळ्यातल्या या तिघी वेगळ्या काढता येतात. मात्र माशी ताजी हवी. सापळ्यात आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या माशीचा रंग उडतो, पंख फाटतात, आणि मग भिंगही काही करू शकत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. तिघीही त्याच वासाला येतात, मग जात कळून उपाय थोडाच बदलतो? सापळा बदलत नाही, हे खरे; पण त्याच्या भोवतीचे काम बदलते. करेक्टा पेरू आणि बोरावर पोसते. सापळ्यात तिचीच गर्दी असेल, तर कुंपणापलीकडच्या पेरूखाली सडणारी फळे आधी उचलायला हवीत. डॉर्सालिस वाढत असेल, तर हापूसची गळ, पावसाच्या तोंडावर झाडावर राहिलेली फळे आणि कोणी न उचललेला रायवळ यांच्याकडे वळावे लागेल. निर्यातीची गोष्ट वेगळी. 2013 मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांत फळमाशीसारखी कीड सापडली, असे सांगून युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून आंब्यासह वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांची आयात थांबवली. आंब्यावरची बंदी जानेवारी 2015 मध्ये उठली. युरोपच्या बंदरावर अळी कोणत्या माशीची, याने फारसा फरक पडला नाही. निर्यातीच्या आंब्याला दिली जाणारी गरम पाण्याची प्रक्रियाही तिथल्या दारासाठीच आहे. अळी फळात शिरूच नये, हे काम मात्र बागेतच करावे लागते, आणि तिथे जात ठाऊक असावी लागते.

यातही एक फट उरते. सापळ्यात येतात ते नर. फळाला टोचून अंडी घालते ती मादी. म्हणून किडके फळ नुसते फेकू नये. त्यातली काही फळे ओलसर वाळूवर, तोंडाला कापड बांधलेल्या बरणीत ठेवावीत. अळ्या वाळूत शिरून कोष करतात आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत माश्या बाहेर पडतात. त्यांचा रंग पक्का व्हायला मात्र एक-दोन दिवस द्यावेत. फळाभोवती घोंगावणाऱ्या लाल डोळ्यांच्या इवल्या चिलटांना यात धरू नये, ती सडक्या फळावर मागाहून येतात. सापळ्यात करेक्टा आणि बरणीत डॉर्सालिस निघाली, तर सापळ्यातल्या मोठ्या आकड्याने घाबरून फवारणी वाढवण्याचे कारण नाही. झाडाखालचा हापूस आणि रायवळ त्याच दिवशी गोळा करून खोल पुरण्याचे कारण आहे.