रक्तातला 'ध'चा 'मा' : सिकलसेलचा आजार आणि नवे संशोधन

पावसाची झड लागलेली असते. दिवसभर चिखलात भाताची लावणी करून एखादा मुलगा घरी येतो आणि रात्री त्याचे हातपाय, पाठ व छाती असह्य ठणकू लागतात. घरची मंडळी म्हणतात, गारठा लागला असेल. कोणी लेप लावतो, कोणी अंगारा. काही दिवसांनी दुखणे ओसरते आणि महिन्याभराने पुन्हा उद्भवते. डोळे पिवळसर दिसतात, म्हणून कावीळ समजून झाडपाल्याचे औषध दिले जाते. शाळेतील गैरहजेरी वाढते आणि मुलावर आळशीपणाचा शिक्का बसतो. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात अशी दृश्ये नवी नाहीत. यांपैकी कित्येक मुलांच्या दुखण्याचे खरे नाव आहे सिकलसेल.

गेल्या काही वर्षांत या आजारावर विलक्षण संशोधन झाले आहे. रोगाची खूण ओळखणारे शास्त्र, आनुवंशिकतेचे शास्त्र आणि उपयोजित अभियांत्रिकी या तिन्ही शाखा येथे हातात हात घालून काम करीत आहेत. वृत्तपत्रांत 'जनुकाची कात्री', 'आजार मुळासकट नाहीसा' असे मथळे वाचून वाचकांच्या मनात आशेबरोबर काही शंकाही निर्माण झाल्या असतील. म्हणून हा विषय सोप्या शब्दांत मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

एका अक्षराची उलथापालथ

पेशवाईतील 'ध'चा 'मा' आपल्याला ठाऊक आहे. 'नारायणरावांस धरावे' या आज्ञेतील एक अक्षर बदलून 'मारावे' केले गेले आणि १७७३ साली शनिवारवाड्यात रक्त सांडले, अशी आख्यायिका आहे. सिकलसेलच्या आजारात अगदी हेच घडते. आपल्या रक्ताला लाल रंग देणारे आणि शरीरभर प्राणवायू पोहोचवणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन कसे बनवावे, याची आज्ञा आपल्या जनुकांत लिहिलेली असते. अकराव्या गुणसूत्रावरील या आज्ञेत एका ठिकाणी 'ए' या रासायनिक अक्षराच्या जागी 'टी' येते. त्यामुळे प्रथिनाच्या १४६ मण्यांच्या एका साखळीतील सहावा मणी बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. बदल एवढाच, पण त्याचे परिणाम माणसाला जन्मभर भोगावे लागतात.

असे हिमोग्लोबिन आपल्याजवळचा प्राणवायू देऊन मोकळे झाले की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात. मऊ आणि वाटोळी असलेली लाल पेशी मग ताठ होते व विळ्यासारखी वाकते. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडले. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्या भागात मरणप्राय वेदना सुरू होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांत नष्ट होते. म्हणूनच रुग्णाच्या अंगी कायम रक्त कमी असते व डोळ्यांत पिवळेपणा येतो. थंडी, अतिश्रम, ताप आणि शरीरातील पाणी कमी होणे ही वेदनेला आमंत्रण देणारी कारणे होत. लावणीच्या दिवसांत दुखणे का उफाळते, हे आता वाचकांच्या ध्यानी आले असेल.

१९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे पहिले वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. विद्युतप्रवाहाच्या प्रभावाखाली निरोगी आणि सदोष हिमोग्लोबिन वेगवेगळ्या गतीने सरकतात, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो बदललेला मणी नेमका कोणता, ते शोधून काढले. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष असल्याची नोंद १९५२ साली झाली.

हा दोष हजारो वर्षे टिकून का राहिला? त्याचे उत्तर मलेरियात आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या व्यक्तीला मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले. म्हणजेच हा कोणाच्या पापाचा किंवा करणीचा परिणाम नव्हे. ज्या रानावनांत मलेरियाने माणसे मरत होती, तेथे पूर्वजांना जगवणारीच ही देणगी दोन्ही बाजूंनी एकत्र आली की शाप ठरते.

रोगाच्या खुणा

शरीरातील ज्या घटकाच्या मोजमापावरून आजाराची चाहूल, त्याची तीव्रता किंवा औषधाचा गुण कळतो, त्याला शास्त्रज्ञ 'बायोमार्कर' म्हणतात. आपण त्याला रोगाची खूण म्हणू. सिकलसेलमधील सर्वांत बोलकी खूण म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन.

१९४८ साली जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ स्त्रीने एक गोष्ट टिपली. हा दोष असलेल्या नवजात बालकांच्या पेशी सहसा विळ्याचा आकार घेत नाहीत. याचे कारण असे की आईच्या उदरात असताना बाळाचे हिमोग्लोबिन निराळ्या प्रकारचे असते आणि जन्मानंतर काही महिने ते टिकून राहते. ते सदोष रेणूंना एकमेकांना चिकटू देत नाही. ज्या रुग्णांत मोठेपणीही हे प्रमाण अधिक राहते, त्यांचा आजार सौम्य असतो. भारतातील अनेक रुग्णांत ते आफ्रिकेतील रुग्णांपेक्षा अधिक आढळते. तथापि आपल्याकडील आजार सौम्यच असतो असे समजून गाफील राहणे धोक्याचे आहे.

हायड्रॉक्सियुरिया ही गोळी याच खुणेवर काम करते आणि गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात या औषधाने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. २०१९ साली आफ्रिकेतील चार देशांत मुलांवर झालेल्या अभ्यासातही वेदना व मृत्यू यांचे प्रमाण घटलेले दिसले.

दुसरी खूण ध्वनिलहरींनी कळते. मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग डोक्याबाहेरून यंत्राने मोजता येतो. तो सेकंदाला २०० सेंटिमीटरपर्यंत गेला की त्या मुलाला पक्षाघाताचा मोठा धोका असतो. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास तो धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी होतो, असे १९९८ सालच्या एका अभ्यासात आढळले. आघात होण्याआधीच त्याची चाहूल लागावी, हेच या खुणांचे मोल आहे.

अभियंत्यांचा हातभार

निदानासाठी रक्त शहरातील प्रयोगशाळेत पाठवावे लागते, ही आजवरची मोठी अडचण होती. अहवाल येईपर्यंत कुटुंब ऊसतोडणीला किंवा वीटभट्टीवर निघून गेलेले असते. सोल्युबिलिटी चाचणी गावात करता येते, पण रक्तात दोष आहे एवढेच ती सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही.

येथे अभियंते मदतीला आले. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक उमुत गुरकान व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाउलिंग यांचेच तत्त्व एका कागदी पट्टीवर उतरवले. बोटातून काढलेल्या रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवायचा, हातात मावेल अशा उपकरणातून विद्युतप्रवाह सोडायचा आणि वेगवेगळ्या गतीने सरकलेले पट्टे वाचायचे. सुमारे दहा मिनिटांत उत्तर मिळते. १९४९ साली ज्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागली, ते काम आता आदिवासी पाड्यावरच्या अंगणात होऊ शकते. या उपकरणाची चाचणी भारतातही घेण्यात आली आहे.

जनुकाची दुरुस्ती

आता त्या गाजलेल्या 'कात्री'विषयी. जन्मानंतर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद करणारी एक कळ शरीरात असते. बीसीएल-११-ए हे तिचे नाव. २००८ साली तिचे कार्य उलगडले. ती कळच बंद केली तर जुने हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागेल, ही कल्पना त्यातून पुढे आली. जनुकात हव्या त्या ठिकाणी छेद देणारे 'क्रिस्पर' तंत्र विकसित केल्याबद्दल इमॅन्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना यांना २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आहे. त्याच तंत्राने हे साध्य झाले.

या उपचारात रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून त्यांच्यातील ती कळ प्रयोगशाळेत निकामी करतात. मग तीव्र औषधाने जुनी अस्थिमज्जा रिकामी करून सुधारलेल्या पेशी परत सोडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने 'कॅसगेव्ही' या नावाने या उपचाराला मान्यता दिली. मान्यतेच्या वेळी पुरेसा काळ निरीक्षणाखाली असलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण सलग किमान एक वर्ष तीव्र वेदनेच्या झटक्यांपासून मुक्त राहिले होते.

परंतु या उपचारासाठी कित्येक आठवडे रुग्णालयात राहावे लागते, वापरलेल्या औषधाने वंध्यत्व येण्याचा धोका असतो आणि अमेरिकेतील त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक आहे. आपल्या देशातही प्रयत्न चालू आहेत. दिल्लीतील आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने विकसित केलेला 'बिरसा १०१' हा जनुकोपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले आहे. भगवान बिरसा मुंडा यांचे नाव त्याला दिले आहे, ते यथार्थच होय. मात्र प्रत्यक्ष रुग्णांवरील चाचण्यांची कसोटी त्याला पार करावी लागेल.

देवाच्या निर्मितीत हा हस्तक्षेप नव्हे काय, असा प्रश्न श्रद्धावंतांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ख्रिस्तसभेची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २००८ साली 'डिग्निटास पर्सोनाए' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. रुग्णाच्या स्वतःच्या शरीरपेशींवर केवळ आजार बरा करण्यासाठी केलेला असा उपचार तत्त्वतः नैतिकदृष्ट्या योग्य असल्याचे त्यात म्हटले आहे. मात्र त्यासाठी रुग्णाची जाणीवपूर्वक संमती हवी आणि धोका प्रमाणाबाहेर नसावा. पुढील पिढ्यांत उतरणारे बदल करण्यास त्यात मज्जाव केलेला आहे. कॅसगेव्हीने होणारा बदल रुग्णापुरताच राहतो, तो त्याच्या अपत्यांत उतरत नाही.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आला तर ती व्यक्ती केवळ वाहक असते. ती सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगते. वाहकाचा विवाह दोष नसलेल्या व्यक्तीशी झाला तर त्यांच्या अपत्याला सिकलसेलचा आजार होत नाही, फार तर ते वाहक होईल. दोन वाहकांचा विवाह झाला तर मात्र प्रत्येक गर्भारपणात अपत्य आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि निर्दोष असण्याची चारात एक असते. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नाही. हा कौल दर वेळी नव्याने लागतो. आणि आजारी अपत्य हे दोघांकडून आलेल्या दोषामुळेच जन्मते. म्हणून सुनेला बोल लावणे हे अज्ञानाबरोबरच अन्यायाचेही आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेला प्रारंभ झाला. १७ राज्यांतील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट ठरले. जुलै २०२५ पर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली होती. आपल्या राज्यात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, अमरावती, नंदुरबार या जिल्ह्यांबरोबरच नाशिक, ठाणे व पालघर जिल्ह्यांतही हे रुग्ण आढळतात.

पण तपासणीचे कार्ड हाती पडले की काम संपत नाही. वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न मोडेल या भीतीने ते कार्ड पेटीच्या तळाशी दडवले जाते, आणि दडवलेले कार्ड पुढच्या पिढीला वेदना देते. तपासणीचा हेतू कोणाला विवाहापासून वंचित ठेवण्याचा नाही. दोघांनी एकमेकांचे कार्ड पाहून, वैद्यकीय सल्ला घेऊन, डोळसपणे निर्णय घ्यावा, हाच तो हेतू होय. विवाहपूर्व शिबिरांत या विषयाला अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ साधेल, असे आम्हांस वाटते.

रुग्णाच्या घरच्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मुलाला भरपूर पाणी पाजावे. थंडी व अतिश्रमापासून त्याला जपावे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून परस्पर थांबवू नयेत. न्यूमोनियाची लस चुकवू नये. लहान बालकांना रोज पेनिसिलिन दिल्याने जिवावरचा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९८६ सालीच सिद्ध झाले आहे. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर द्यावे. ताप आला, छातीत दुखू लागले किंवा अचानक पोट फुगले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

अठरा कोटींचा उपचार आपल्या पाड्यांवर कधी येईल, हे आज सांगता येणार नाही. पण रक्ताचा एक थेंब, एक गोळी आणि न लपवलेले एक कार्ड ही साधने आज हाताशी आहेत. निसर्गाच्या लेखणीकडून एक अक्षर चुकले. ते वेळीच वाचणे मात्र आपल्या हाती आहे. ओसरीवर रात्रभर तळमळणाऱ्या त्या मुलाच्या दुखण्याला त्याचे खरे नाव मिळाले, तरी त्याची अर्धी वाट सरलेली असेल.